आज आखाड्यात यावंसं वाटलं नाही, डोमादादा

डोमादादा,

तू गेल्यावर परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला एकेक जण उठून बोलला. गिरणीतल्या तुझ्या रिंग खात्यातले जॉबर बोलले, वस्तीतले दोघे-तिघे बोलले. आखाड्यातला किसनभाऊ उठला आणि दोन वाक्यं बोलून खाली बसला. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी होती. दादाले व्यायामाचं वेड होतं, दादाचा जीवच त्या मातीत होता, म्हणून तर पहाटे पाचला आखाडा उघडला नाही असा दिवस गेला नाही. मग कोणीतरी माझ्याकडे बघून म्हणालं, "कॉलेजवाल्यानं बोलावं दोन शब्द." मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, याला रडू आवरत नाही.

तसं नव्हतं. मला जे बोलायचं होतं ते विहारात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. आपलं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं होतं आणि ते तुला, मला आणि माझ्या दोन मित्रांनाच माहीत होतं. ते मिटवायचं राहिलं. आता मिटवता येईल असं वाटत नाही, तरी लिहितो. मला चांगलं लिहिता येतं असं नाही. प्रॅक्टिकलच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहितो आहे.

तू मला पहिल्यांदा आखाड्यात बोलावलंस ते दिवस आधी सांगतो. तुला माहीतच आहेत, पण माझ्या बाजूने मी कधी सांगितले नाहीत.

मी बी.एस्सी. पार्ट वनला नापास झालो होतो. फिजिक्स आणि इंग्रजी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला आणि नापास झालेलाही पहिलाच, कारण बाकीच्यांना नापास व्हायची पाळीच आली नव्हती. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. माय भाकर झाकून ठेवायची आणि संध्याकाळी तशीच उचलायची. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एकदा दुपारी पाळी संपवून तू सरळ आमच्या घरात आलास. केसांत कापसाचे तंतू तसेच होते.

"काय गा कॉलेज," तू म्हणालास, "भिंत वाचून राहिला काय?"

मी वळलो नाही.

"उद्या पाचाले आखाड्यात ये."

"मले नाही जमत दादा. कशाचीच इच्छा नाही होऊन राहिली."

"इच्छा घरी ठेव. तू ये."

"अन् येऊन काय करू?"

"काही नाही. कोपऱ्यात पोतं टाकलं आहे, त्याच्यावर बस. गिरणीचा पहिला भोंगा झाला का घरी ये."

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "दादा, हा दोन घास खाऊन नाही राहिला. डंड काय मारन?"

"मी मारू देईन तं मारन ना, मावशी," तू म्हणालास आणि पाणी पिऊन निघून गेलास.

मी आलो ते एवढ्याचसाठी की काही करायचं नव्हतं. गिरणीची मागची भिंत आणि नाला यांच्या मधे तो टिनाचा आखाडा. आत एक कंदील आणि अकरा-बारा माणसं. कुस्तीच्या हौद्यातली माती तुम्ही हुडकेश्वरच्या बाजूने बैलबंडीतून आणलेली, तेल, हळद आणि ताक पाजून मऊ केलेली. मी पोत्यावर बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी मला लाज वाटायला लागली. मी उठून कोपऱ्यातला लहान मुद्गल उचलायला गेलो, तर तू तिकडून ओरडलास, "ए, हात लावू नको. तुले बसाले बोलावलं." सगळे हसले. किसनभाऊ म्हणाला, "दादानं चौकीदार ठेवला वाटते." मी आठ दिवस चौकीदारी केली. नवव्या दिवशी तू माझ्या हातात फावडं दिलंस आणि हौद्याची माती उकरायला लावलीस, तीही अर्धीच. त्यानंतर रोज पाच डंड. पाचच.

एक दिवस मला खरोखर हुरूप आला. रात्री झोप लागली होती, सकाळी भूक लागली होती. मी आठ डंड मारले आणि तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं तू शाबास म्हणशील. तू म्हणालास, "घरी जा."

"काहून?"

"पाच सांगतले होते."

"पण दादा, आज जोर आला म्हणून मारले."

"उद्या नाही आला तं? मंग तू म्हणशीन, काल आठ मारले, आज पाच काय मारू, त्याच्यापेक्षा झोपतो. ज्या दिवशी जोर नसते त्या दिवशी जमतीन तेवढेच मार. रोज."

मी रागाने घरी गेलो. पण दुसऱ्या दिवशी अंगात खरंच काही नव्हतं आणि पाच मारणं जड गेलं नाही. तेव्हा मी हे तुला सांगितलं नाही. आज सांगतो.

आखाड्यातला तो कोनाडा मला फार आवडायचा. धम्मदीक्षेच्या आधी तिथे मारुती होता. दीक्षेनंतर वस्तीतल्या जाणत्यांनी तो नीट फडक्यात गुंडाळून पलीकडच्या देवळात नेऊन दिला, असं बाबा सांगतात. कोनाडा रिकामा झाला, पण आत पाऊल टाकलं की जुन्या लोकांचे हात आपोआप तिकडे जोडले जायचे. मग तू तिथे गजराचं घड्याळ ठेवलंस. म्हणालास, "आता जोडा हात. पाच वाजले का नाही ते तरी दिसन." त्यातले गणपतकाका तरीही घड्याळाला हात जोडून हौद्यात उतरायचे. मी नवा नवा कॉलेजात शिकलेला, एकदा तुला म्हणालो की दादा, ही तर अंधश्रद्धा झाली, मन नाही तरी हात जोडतात. तू मुद्गल फिरवत होतास. फिरवता फिरवताच म्हणालास, "हात मनाले विचारत नाही गा. तेच तं कामाचं आहे." मला वाटलं, तुला माझा मुद्दा कळला नाही.

आता लंगोटाची गोष्ट. ही मी कोणालाच सांगितलेली नाही.

तुला सवय होती, सगळे गेले की तारेवरचे ओले लंगोट मोजायची. कोणी हजेरी लावायचा नाही, कोणी नाव लिहायचा नाही. लंगोट ओला म्हणजे माणूस आला. कोरडा म्हणजे संध्याकाळी तू त्याच्या दारात. त्या वर्षी थंडी फार पडली होती. माझा सुरुवातीचा हुरूप गेला होता. फेरपरीक्षेचा अभ्यास डोक्यावर होता. पहाटे पांघरुणातून बाहेर येताना मला रडू यायचं, खरंच. आणि तू दारात आलास की माय तुझी बाजू घ्यायची. म्हणून मी एक युक्ती काढली. साडेपाचला यायचं, आत न शिरता मागच्या नळावर जायचं, तारेवरचा आपला लंगोट भिजवायचा, पिळून परत टाकायचा आणि घरी जाऊन झोपायचं. आत एक कंदील, बारा माणसं, कोणाला कळणार? अकरा दिवस मी हे केलं.

बाराव्या दिवशी नळापाशी वाकलो होतो, हात सुन्न झाले होते, आणि मागे तू उभा होतास. खांद्यावर टॉवेल. मी लंगोट हातात धरून तसाच उभा राहिलो. मला वाटलं आता सगळ्यांना बाहेर बोलावणार.

तू हळूच विचारलंस, "पाणी थंड आहे काय?"

"हो."

"किती वाजता उठला?"

"पाच."

"अन् चालत आला. थंड पाण्यात हात घातले. लंगोट भिजवला, पिळला, तारेवर टाकला." तू बोटं मोजत होतास. "अकरा दिवस. अबे, अर्ध्याच्या वर काम तं तू करूनच राहिला. राहिले ते फक्त पाच डंड. ते बी मारून टाकत जा. एवढं उठूनच राहिला तं."

आणि तू हसायला लागलास. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीही हसलो. त्या सकाळी ओला लंगोट बांधून मी पाच डंड मारले, दात वाजत होते. त्यानंतर दीड वर्ष माझा खाडा झाला नाही. फेरपरीक्षेत पास झालो तेव्हा बाबांनी तुझ्या घरी पेढे पाठवले. तू विचारलंस, "याच्यात माझं काय?" फिजिक्स तू शिकवलं नव्हतंस. पण पाचला उठून आलेला माणूस सहाला घरी परत झोपत नाही, तो पुस्तक उघडतो, एवढंच झालं होतं.

आपले वाद मात्र वाढत गेले. त्यातला मोठा वाद किल्लीचा.

आखाड्याच्या कुलपाची एकच किल्ली, ती तुझ्या कमरेच्या करदोट्याला. एकदा तुला खोकल्याची उबळ येऊन वीस मिनिटं उशीर झाला आणि आम्ही सगळे बाहेर कुडकुडत उभे होतो. मी म्हणालो, दादा, दुसरी किल्ली करून किसनभाऊकडे ठेवू. त्याचं सायकलचं दुकान, त्याच्या शेजारीच किल्लीवाला बसतो. तू म्हणालास, "नाही." कारण नाही, काही नाही. मी महिनाभर हा विषय सोडला नाही. मी म्हणालो, संस्था एका माणसावर चालू नये.

"संस्था?" तू वर बघितलंस. "चार टिना आहेत गा. पावसात त्या बी गळते."

"तरी पण. उद्या तुले काही झालं तं?"

"मले काही झालं तं मंग पाहू. किल्ली एकच राहीन."

मी किसनभाऊला म्हणालो होतो, दादाला लोकांनी दारात ताटकळत राहिलेलं आवडतं, मोठेपणा वाटतो त्याला. त्याने हे तुला सांगितलं नसावं. सांगितलं असेल तर मला माफ कर. नसेल सांगितलं तरी कर.

आणि मग ते शेवटचं.

या वर्षी पार्ट टूला मला पुन्हा तसं व्हायला लागलं. कारण सांगता येत नाही. नापास झालो नव्हतो, घरी काही कमी-जास्त झालं नव्हतं. नुसतं सगळं बेचव झालं. कॉलेजात मी आता थोडा मिसळलो होतो. प्रताप नगरचे दोन मित्र झाले होते. त्यांच्या घरी स्वतंत्र अभ्यासाची खोली होती. एक दिवस ते पहिल्यांदाच आमच्या वस्तीत, आमच्या घरी आले होते, नोट्स उतरवून घ्यायला. माय त्यांच्यासाठी नवी चादर अंथरून बाहेर गेली होती. मला सारखं वाटत होतं की नाल्याचा वास येतो आहे. मी आठवडाभर आखाड्यात आलो नव्हतो. आणि तू दारात आलास. खाकी पँट, उघडं बनियन, भुवयांवरसुद्धा कापूस.

"काय गा कॉलेज, तार कोरडी आहे. सात दिवस झाले."

मित्रांनी विचारलं, कसली तार? तू मोठ्या उत्साहाने त्यांना सांगायला लागलास, लंगोट, तार, सगळं. ते हसले. वाईट मनाने नाही हसले, आता मला कळतं. पण तेव्हा मला जमिनीत शिरावंसं वाटलं. मी उठून उभा राहिलो आणि तुला म्हणालो, तुला 'तुम्ही' म्हणालो: "दादा, तुम्हाला आवडतं म्हणून तुम्हाला जमतं. तुमच्याजवळ दुसरं आहे काय? मला अभ्यास आहे. डंड मारून कोणी बी.एस्सी. होत नाही."

मित्र नोट्सकडे बघत राहिले.

"बरं," तू म्हणालास.

एवढंच. दारातली चप्पल पायात सरकवून गेलास. त्यानंतर तू माझ्या दारात आला नाहीस आणि मी आखाड्यात आलो नाही. रस्त्यात दिसलास की मी गल्ली बदलायचो. मग कानावर आलं की तुला कावीळ झाली, डोळे पिवळे झाले, आखाड्याला कुलूप आहे. मी ठरवलं, रविवारी जाऊ. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दवाखान्यात आलो. तू झोपला होतास. सकूवहिनी बाहेर औषध आणायला गेल्या होत्या. मी खाटेशेजारी पंधरा मिनिटं बसलो. तुझे दंड एवढे बारीक झालेले मी कधी बघितले नव्हते. खरं सांगतो दादा, तू झोपलेला होतास याचं मला बरं वाटलं. उठला असतास तर मला बोलावं लागलं असतं. मी पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि निघून आलो. चार दिवसांनी तू गेलास.

तू झोपेतच होतास ना? हा प्रश्न मला रोज पडतो. का डोळे मिटून पडला होतास, पोराला बोलायचं ओझं नको म्हणून?

काल संध्याकाळी मी तुझ्या घरी गेलो. वहिनी ओट्यावर बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं. मी समोर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वहिनी, परवा सगळे खरं बोलले. दादाले किती आवड होती."

"कायची?"

"आखाड्याची. व्यायामाची."

वहिनींचा हात थांबला. तू गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. त्या हसल्या, अगदी थोडंसं.

"आवड नव्हती गा त्याले."

मला वाटलं, त्या दुःखाने काही बोलताहेत.

"रोज सकाळी खाटीच्या काठावर बसे. पाय खाली सोडून. म्हणे, सकू, आज नाही जात. अंगात काहीच नाही. सुरुवातीले मी म्हणो, नको जाऊ, झोप. मंग मी बोलणंच सोडलं. मी चूल पेटवो अन् तो बसून राहे. बसून राहे, बसून राहे. अन् मंग म्हणे, पोट्टे बाहेर उभे असतीन वं. अन् जाये."

"रोज?"

"लग्न होऊन आली तवापासून. त्याच्या मोठ्या भावाले होती आवड. दोघं संगं जात. भाऊ गेला अन् याचं मन उडालं, ते उडालंच. पण आखाडा याच्या गळ्यात राहिला." त्यांनी एक विडी वळून दोरा बांधला. "मी एकदा म्हटलं, किसनभाऊले एक किल्ली करून दे ना. रोजचा जीवाले घोर कायले? तं म्हणे, दुसरी किल्ली झाली का मी उठत नाही, सकू. मंग मी कधीच उठत नाही."

त्या थोड्या वेळाने आत गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. करदोट्याचा काळा दोरा अजून तिच्यात होता. "घरी राहून काय करन ही," त्या म्हणाल्या. मी घेतली. का घेतली, मला माहीत नाही. नाही म्हणता आलं नाही.

घरी आल्यावर मला तुझा राग आला. हे लिहिताना संकोच वाटतो, पण आला. मी म्हणालो, तुम्हाला आवडतं म्हणून जमतं. त्यावर तुला एक वाक्य बोलायचं होतं. 'मलाही आवडत नाही.' मी तिथेच खाली बसलो असतो. मित्रांसमोर, चादरीवर. ते न बोलता तू "बरं" म्हणून चप्पल घातलीस आणि मला जिंकू दिलंस. मी सहा महिने जिंकलेलाच होतो. तुझं असं होतं का, की मला कळलं तर मीही सोडून देईन? का तुला लाज वाटायची? मोठा भाऊ आवडीने यायचा तिथे आपण ओढत येतो, याची? मला हे कधी कळणार नाही. पण तू मला भिंतीकडे तोंड करून पडलेला बघितलंस आणि काय करायचं ते तुला लगेच कळलं, पोत्यावर बसवायचं, हात लावू द्यायचा नाही, पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे तुला कोणी शिकवलं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आता उत्तर माहीत आहे. खाटेच्या काठावर बसून तूच ते शिकला होतास. रोज सकाळी, एकटा.

मला वाटायचं काही माणसं जन्मतःच उत्साही असतात आणि काही माझ्यासारखी. तू त्या बाजूचा, मी या बाजूचा. एवढी वर्षं आपण एकाच खाटेवर बसलेलो होतो आणि तू मला ते कळू दिलं नाहीस.

आज सकाळची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

पावणेपाचला जाग आली. मी काठावर बसलो. किल्ली उशीखाली होती. मनात काहीही आलं नाही. तुझ्यासाठी जावं असंसुद्धा वाटलं नाही. एवढंच वाटलं की आज कोण येणार आहे, आखाडा सव्वा दोन महिने बंद आहे, कोणाला काय माहीत किल्ली माझ्याकडे आहे. मग आठवलं, वहिनींनी किसनभाऊला सांगितलं असेल. तो येऊन उभा असेल. मी उठलो. शिव्या देत उठलो.

पंधरा मिनिटं उशीर झाला होता. बाहेरच्या ओट्यावर किसनभाऊ आणि गणपतकाका बसले होते, डोक्याला मफलर गुंडाळून.

"उशीर केला," किसनभाऊ म्हणाला.

"यावंसं नाही वाटलं."

तोंडातून निघून गेलं. त्या दारात असं कोणी कधी बोललं नव्हतं. अंग दुखते म्हणायचे, पाळी होती म्हणायचे, पाहुणे होते म्हणायचे. यावंसं वाटलं नाही, हे कोणी म्हणायचं नाही.

"आज?" किसनभाऊने विचारलं.

"आज बी अन् नेहमीच. मले कधीच नाही वाटत, किसनभाऊ. मी तसाच येत होतो."

त्याने मफलर सोडून परत गुंडाळला. मग म्हणाला, "मले बी नाही वाटत. बारा वर्षं झाले. मी म्हणो, दादा एवढा आवडीनं उघडते, आपण नाही गेलो तं त्याले वाईट वाटन."

"अबे, मंग मी काय कुस्तीले येऊन राहिलो?" गणपतकाका म्हणाले. "म्हातारी रोज बोंबलते, गुडघे जातीन म्हणून. मी म्हणो, पोट्टे एवढ्या आवडीनं येतात, म्हाताऱ्यानं दांडी मारली तं काय म्हणतीन."

मग मी त्यांना वहिनींनी सांगितलेलं सांगितलं. खाटेचा काठ, आज नाही जात सकू, सगळं. किल्लीचंही सांगितलं. किसनभाऊ हसला आणि हसता हसता त्याने मफलरचं टोक डोळ्यांना लावलं. गणपतकाका म्हणाले, "सांगाचं तं असतं एकदा." गिरणीचा पहिला भोंगा झाला, तरी आम्ही तिघं तिथेच बसलो होतो. कोणालाच आत जावंसं वाटत नव्हतं आणि आता ते एकमेकांना माहीत होतं.

"उघड गा," किसनभाऊ शेवटी म्हणाला. "उजाडून राहिलं."

मी उठून कुलूप काढलं.

दादा, त्या ओट्यावर चौथा माणूस आरामात बसेल एवढी जागा आहे. तू कधी तिथे बसला नाहीस. तू यायचास आणि कोणाकडे न बघता सरळ कुलपाकडे जायचास, आणि आम्ही म्हणायचो, बघा, दादाला किती घाई आहे.